उदबत्तीची पंचवीस मिनिटं

“पुढच्या वीस वर्षांत” एवढे शब्द चिनात्सु तळ्याच्या सभेत बोलून गेली आणि तिथेच तिचा घात झाला.

खरं तर ती बोलायला गेलीच नव्हती. सासूबाईंचे गुडघे दुखत होते आणि दर घरातलं एक माणूस सभेला बसलं पाहिजे असा नियम होता, म्हणून दहा महिन्यांच्या कोतोला पाठीशी बांधून ती कोपऱ्यात जाऊन बसली होती. जपानातल्या सानुकीच्या त्या गावात घरं बारा, तळं एक, आणि डोंगरापलीकडच्या मोठ्या कालव्यातून येणारं पाणी यंदा आणखी कमी. तळ्याचे अध्यक्ष मानाबे-सान म्हणाले, “काळजी कशाला? पाऊस काय, येतोच.” बाळाला पाजताना फोनवर जगातल्या सगळ्या दुष्काळांची माहिती वाचून काढलेल्या चिनात्सुच्या तोंडून निघून गेलं, “पण पुढच्या वीस वर्षांत पाणी कमीच होत जाणार ना?”

अकरा माना तिच्याकडे वळल्या. तळ्यातल्या बेडकांनीही क्षणभर श्वास रोखला असावा.

“सूनबाई कॉलेजात शिकलेल्या आहेत,” मानाबे-सान सावकाश म्हणाले.

हे वाक्य त्या गावात कौतुक म्हणून बोलत नाहीत. ते नेमणुकीचं पत्र असतं. चहाचा दुसरा पेला येईपर्यंत ‘भविष्य समिती’ स्थापन झाली होती आणि तिच्यावर एक सभासद बिनविरोध निवडून आली होती. कोतोला धरलं तर सव्वा.

भविष्य समितीचं काम एका पानाचं होतं. तालुक्याच्या कचेरीतून एक तक्ता आला होता. पुढच्या वर्षापासून पाटावर विजेची दारं बसणार, ती आपोआप उघडणार आणि मिटणार. पुढची वीस वर्षं कोणत्या खाचरात किती मिनिटं पाणी सोडायचं, एवढं फक्त भरून द्यायचं. बारा घरं, बारा आकडे. चिनात्सुला वाटलं, कोतोच्या एका झोपेत होऊन जाईल.

अडचण एवढीच होती, की गावात मिनिटं नव्हती. उदबत्त्या होत्या.

कोरड्या वर्षी पाण्याची पाळी तिथे उदबत्तीवर चालते. पाटाच्या तोंडाशी एक खोपी आहे. तीत पाटकरी बसतो, काडी पेटवतो, काडी विझली की नगारा वाजवतो, आणि पुढचा माणूस आपल्या खाचराचं दार उघडतो. पहिल्या पाच काड्या पाटकऱ्याच्याच, मग मानाबेंच्या चार, मितानी काकूंच्या अडीच, असं करत एकंदर तीस. सगळ्यात शेवटच्या दोन काड्या चिनात्सुच्या सासूबाईंच्या, म्हणजे योशिएबाईंच्या. कालव्याचं पाणी पहाटे पाचला सुटतं आणि संध्याकाळी सातला बंद होतं. कोरड्या वर्षी त्यांची पाळी यायला आणि कालवा बंद व्हायला एकच गाठ पडते. गेली काही वर्षं त्यांच्या खाचरात पाणी कमी आणि पाणी येणार असल्याच्या बातम्याच जास्त येत होत्या. यंदा रोपं लावताना त्या म्हणाल्या होत्या, “या वर्षी पलीकडच्या बांधाला पाणी टेकलं नाही, तर सोडून देते मी खाचर.” भाजी संपली, तेल आणायला हवं, अशा आवाजात म्हणाल्या. त्या आवाजाचीच चिनात्सुला जास्त भीती वाटली.

“एक काडी म्हणजे किती मिनिटं हो?” तिने विचारलं.

“एक काडी,” मानाबे-सान म्हणाले.

“पण घड्याळाच्या हिशेबाने?”

“अर्धा तास धरा. वारा असला तर कमी. ढग असले तर जास्त. पाटकरी रागात असला तर सांगता येत नाही.”

मितानी काकू म्हणाल्या, अर्धा तास कसला, माझे एका काडीत उडीद निवडून होतात. मितानी काका म्हणाले, तुझे उडीद किती आणि त्यातले किती निवडलेले, ते आम्ही खातो तेव्हा कळतं. कचेरीतल्या ओचिआईबाईंना चिनात्सुने फोन केला, तर त्या अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, “यंत्राला उदबत्ती समजत नाही, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. अंदाज चालणार नाही. मोजमाप हवं. आणि सगळ्यांची बेरीज पाच ते सातच्या आत बसवा. बाहेर जाईल ते यंत्र शेवटून कापतं.”

शेवटून. म्हणजे कुठून, हे सांगायला कॉलेजात जावं लागत नव्हतं.

तेव्हा शास्त्रीय मोजणी करायची ठरली. पाटकरी होते तोकुरा आजोबा. वय त्र्याऐंशी, खोपीत बसून एकसष्ट वर्षं झालेली. पाळीच्या आदल्या दिवशी चिनात्सुने काड्यांचा डबा उघडून पाहिला, तर आत पावसाळी दमटपणाने हिरवी बुरशी धरलेली. ‘तळ्याची उदबत्ती’ करणारं गावातलं एकुलतं दुकान, मालकाला नातू झाला म्हणून पंधरा दिवस बंद. मग ती सायकल काढून हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेली. तिथे उदबत्त्यांची अख्खी भिंत होती. मोजणी करायची म्हणजे दिवसभर खोपीत बसायचं, कोतो जवळ असणार, आणि धुराने लहान मुलांच्या छातीचं काय काय होतं, हे चिनात्सुला पाठ होतं. तिने काडीची लांबी बरोबर बोटाने मोजून घेतली आणि डबा निवडला: कमी धुराची, लिलीच्या वासाची.

तोकुरा आजोबांनी काडी हातात घेतली. डोळ्यांसमोर धरली, नाकाशी नेली, मग का कोण जाणे, कानापाशीही नेली.

“चालेल ना आजोबा?”

“जळते ना?”

“जळते की.”

“मग झालं.”

तो दिवस चिनात्सुला पुढे कित्येक दिवस आठवत राहिला. उन्हाने समोरचे डोंगर वितळून पुन्हा गोठल्यासारखे दिसत होते. खोपीच्या सावलीत लिलीचा बारीक धूर सरळ वर जायचा, छपराला टेकून विचारात पडायचा आणि मग तळ्याकडे निघून जायचा. कोतो टोपलीत झोपलेली. आजोबा डोळे मिटून बसलेले, पण काडी विझताक्षणी हात आपोआप नगाऱ्याकडे जायचा. धम्म. लांब कुठेतरी एक दार मिटायचं, दुसरं उघडायचं, आणि पाटातल्या पाण्याचा सूर किंचित बदलायचा. आठव्या की नवव्या काडीला चिनात्सुचाही डोळा लागला. तिला दिसलं, वीस वर्षं झाली आहेत, बांधावरून एक उंच मुलगी चालत येते आहे, पायात चिखल, आणि ती वाकून पाण्याला काहीतरी विचारते आहे. पाणी काय म्हणालं ते ऐकू यायच्या आत नगारा वाजला.

मोजणी मात्र तिने चोख केली. दर काडी फोनच्या घड्याळावर. सरासरी: पंचवीस मिनिटं. तीस काड्यांचे साडेबारा तास. पाच ते सातच्या आत अगदी ऐसपैस! पिढ्यान् पिढ्या ज्याला गाव अर्धा तास समजत आलं, ती पंचवीस मिनिटं आहेत, हे विज्ञानाने सिद्ध झालं होतं. चिनात्सुने मनातल्या मनात स्वतःच्या प्राध्यापकांना वाकून नमस्कार केला. आणि त्या संध्याकाळी पाणी योशिएबाईंच्या पलीकडच्या बांधाला जाऊन टेकलं. योशिएबाई बराच वेळ बांधावर उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “यंदा पाटात गवत कमी दिसतंय.”

आकडे भरले गेले. सहीच्या जागी बारा घरांचे बारा शिक्के बसले. शिक्के मारतानाही एक प्रकरण झालंच. अध्यक्षांच्या शिक्क्याकडे आपला शिक्का किंचित कलता मारायचा, म्हणजे तो त्यांना वाकून मान दिल्यासारखा दिसतो, असा रिवाज. त्या बारा घरांतल्या सुगिउचिंनी आपला शिक्का ताठ मारला आणि मानाबे-सान दोन दिवस त्यांच्याशी हवापाण्याखेरीज बोलले नाहीत. ओचिआईबाईंनी तक्ता दोन्ही हातांनी स्वीकारला, “भविष्याबद्दल आभार,” म्हणाल्या आणि कपाटात ठेवला. पुढच्या दोन पाळ्यांनाही, हाताशी डबा होता म्हणून, तोकुरा आजोबांनी लिलीच्याच काड्या जाळल्या. पाणी दोन्ही वेळा शेवटपर्यंत गेलं. मोडलेलं उभं केल्यासारखं चिनात्सुला वाटू लागलं. या दिवसांत ती झोपलेल्या कोतोच्या नाकापुढे बोट धरून श्वाससुद्धा जरा कमी वेळा तपासत होती.

मग एका गुरुवारी दुपारी योशिएबाईंनी देवघरात पूर्वजांपुढे उदबत्ती लावली. जुन्या पुड्यातली, जाड, हिरवी, तळ्याची उदबत्ती. त्याच वेळी शेजारच्या खोलीत कोतो झोपली. आता कोतोची दुपारची झोप म्हणजे बरोबर तीस मिनिटं. चिनात्सु रोज फोनमध्ये नोंद ठेवी. आतापर्यंतच्या एकशे चाळीस नोंदींत दोन मिनिटांपलीकडे फरक नव्हता. कोतो उठली. चिनात्सु तिला घेऊन देवघरात आली. काडी अजून जळत होती. तिच्या डोळ्यांदेखत, अगदी शांतपणे, शेवटची राख पडली.

तिने दुसरी काडी लावली. घड्याळ लावलं. समोर मांडी घालून बसली. तीस मिनिटं.

पूर्वजांच्या फोटोंतून सासरे नेहमीसारखे थोडे बाजूला बघत होते.

तीस गुणिले तीस म्हणजे नऊशे मिनिटं. पाच ते सात म्हणजे आठशेचाळीस. साठ मिनिटं बाहेर. यंत्र शेवटून कापणार, आणि शेवटच्या दोन काड्या बरोबर साठ मिनिटांच्या. म्हणजे चूक दुरुस्त केली तर सासूबाईंचं खाचर वीस वर्षांसाठी कोरडं, आणि नाही केली तर सुनेने सासूच्या शेतासाठी गावाची उदबत्ती आखूड केली, असं वीस वर्षं ऐकायचं. कोतोलाही ऐकायला लागणार. शाळेत. चिनात्सुला त्या शाळेतल्या मुलांचे चेहरेही दिसू लागले. ती मुलं अजून जन्माला यायची होती, हा मुद्दा वेगळा.

तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी गुडघे चोळत ऐकून घेतलं. मग उठल्या, खणातला शिक्का काढला आणि म्हणाल्या, “कुठे मारायचा? चूक ती चूक.”

“पण आई, खाचर...”

“कागद आण.”

ओचिआईबाई फोनवर म्हणाल्या, “दुरुस्ती करता येते. चुकीच्या आकड्यावर दोन सरळ रेघा मारायच्या, वर बरोबर आकडा, आणि बाजूला सर्व बारा घरांचे शिक्के. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून एक मिनिटाने कपाट जिल्ह्याला जातं, मग आत आहेत तेच आकडे कायम.”

“तक्ताच जातो ना?”

“कपाटासकट जातो. तशी पद्धत आहे.”

शुक्रवारी सकाळी आठला, कोतो पाठीवर आणि कचेरीतून आणलेली तक्त्याची दुरुस्तीची प्रत छातीशी, अशी चिनात्सु निघाली; मूळ तक्ता कपाटातच होता. आपली चूक अकरा दारांत उभं राहून अकरा वेळा सांगायची म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तिसऱ्या दारापर्यंत तिने वाक्य पाठ केलं होतं. सहाव्या दारापर्यंत ते कोतोलाही पाठ झालं असावं, कारण ‘उदबत्ती’ म्हटलं की ती मागून हुंकार भरू लागली.

“तरीच!” मितानी काकू म्हणाल्या. “तरीच म्हटलं यंदा भात खंगल्यासारखं का दिसतंय!” त्यांच्या मागे भात असं दाट उभं होतं, की बेडकाला आत शिरायचं तर अंग चोरून घ्यावं लागलं असतं.

“खंगलंय?” काका आतून म्हणाले. “काल तर म्हणत होतीस, दहा वर्षांत असं पीक पाहिलं नाही.”

“ते बाहेरून. आतून खंगलंय.” काकूंनी शिक्का मारला आणि वर चार काकड्या दिल्या. “बाळाला टोपी घाल गं. आणि घट्ट नको. आणि उन्हातून नेऊ नकोस. आणि घरातही फार कोंडू नकोस.”

मानाबे-सान म्हणाले, “पाच मिनिटांचं काही नाही हो. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.” तत्त्वावर ते पाऊण तास बोलले. त्यात त्यांचे वडील, वडिलांचे तळ्याशी असलेले संबंध, आणि एकदा गाळ काढताना सापडलेला मासा, एवढं आलं. माशाची लांबी दाखवताना दोन हातांमधलं अंतर दोनदा वाढलं. सुगिउचिंनी या वेळी शिक्का इतका कलता मारला, की तो आडवाच पडला. पण मारता मारता त्यांनी विचारलं, “शेवटचं खाचर तुमचंच ना हो?”

“आमचंच.”

“नाही, सहज विचारलं.”

त्या ‘सहज’ने चिनात्सुचे कान तापले ते पुढची तीन घरं तापलेलेच राहिले. ती मान ताठ ठेवून चालत होती. पाठीला बाळ, हाताच्या पिशवीत आता काकड्या, वांगी, एक भोपळा आणि कोणीतरी बळेच दिलेला शेवयांचा पुडा. एवढ्या ओझ्यासह मान ताठ ठेवायची म्हणजे स्वाभिमानाबरोबर कंबरही लागते. पण विचारलं एकानेच, शिक्का दिला प्रत्येकाने. चारला अकरा शिक्के झाले. राहिला एक.

पाळीचाच दिवस होता. तोकुरा आजोबा खोपीत बसले होते. समोर लिलीची काडी जळत होती.

“आजोबा, शिक्का हवा होता.” तिने बाराव्यांदा सगळं सांगितलं.

काडी विझली. धम्म. त्यांनी नवी लावली.

“शिक्का ना? हरवला.”

शिक्का नगाऱ्याशेजारीच होता. काळ्या छोट्या डबीत, डबीवर नाव कोरलेलं. चिनात्सुने बोट उचललं, पण आजोबा नेमके दुसरीकडे, तळ्यातल्या बगळ्याकडे पाहत होते.

तिचं बोट हळूहळू खाली आलं.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली. “काडी लवकर जळते ते.”

“एका काडीत मी तीनदा पेंगतो,” आजोबा म्हणाले. “एकसष्ट वर्षं. त्या दिवशी अडीचदाच पेंगलो.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोरडं वर्ष आलं, की शेवटच्या पाळीची काडी मी रिकाम्या पाटापुढे लावायचो. तुझे सासरे तिकडे बांधावर उभे. कधी एक शब्द बोलले नाहीत. काडी विझली की मी नगारा वाजवायचो, ते मला मान लववून घरी जायचे. नाही आलेल्या पाण्याबद्दल मान लववायची म्हणजे...” त्यांनी राख फुंकली. “पाटकऱ्याने कुणाची काडी मोडायची नसते, पोरी. एकदा मोडली की गाव उरत नाही. पण तू आणलीस ती जशी जळते तशी जळते. मी कोण तिला सांगणारा?”

“लोक मला म्हणतील...”

“तुला काय म्हणतील? स्वतःचं खाचर घालवायला अकरा दारं फिरलीस, गावाने बघितलं. शिक्का हरवला म्हाताऱ्याचा. आणि म्हाताऱ्याचं खाचर पहिलं आहे, सगळ्यात जास्त काड्या त्याच्या. त्याचंच नुकसान जास्त. आता बोला म्हणावं कुणाला काय बोलायचंय ते.”

चिनात्सु उभी राहिली. कचेरी सायकलने वीस मिनिटांवर. तिने फोन पाहिला. चार वाजून छत्तीस.

“शोधायला मदत करू का?” तिने विचारलं.

“कर की. नीट शोधायला हवा. घाई करून उपयोग नाही.”

तिने कोतोला सोडून चटईवर ठेवलं. मग दोघं शोधू लागले. आजोबांनी छपराच्या वाशांत पाहिलं. चिनात्सुने काड्यांच्या डब्यात पाहिलं, पाटाकडच्या वेताच्या बेटात पाहिलं, भोपळ्याच्या खालीसुद्धा पाहिलं. मध्ये काडी विझली आणि आजोबांनी नगारा वाजवला, शेवटच्या घरासाठी. पाटाच्या पाण्याने सूर बदलला. खाली, दूर, योशिएबाईंनी आपल्या खाचराचं दार उचललं. एरवी चटईवर पडलेला तीळ ज्या आईला चार हातांवरून दिसायचा, त्या आईला आपल्या मुलीच्या मुठीत एक काळी डबी आहे, हे या वेळी काही केल्या दिसत नव्हतं. ती बगळ्याकडे बघत होती. बगळा पाण्याकडे. पाणी उन्हात चमकत, अजिबात न थांबता, खाली चाललं होतं.

गावच्या भोंग्यावर पाचची धून सुरू झाली. मुलांनी घरी जावं म्हणून रोज वाजते ती, जरा फाटकी, डोंगरावर आपटून एक सूर उशिरा परत येणारी. ती संपेपर्यंत कोणी हललं नाही.

“सापडला?” आजोबांनी विचारलं.

“नाही.”

“अरेरे,” ते म्हणाले आणि आरामात बसले. “सभेत मला फार बोलणी बसणार.”

खाली योशिएबाईंनी चपला काढून बांधावर ठेवल्या होत्या. दुखरे गुडघे सांभाळत, एकेक पाय उचलत त्या पाण्यात उतरल्या आणि पलीकडच्या बांधाच्या दिशेने चालू लागल्या, पाणी जाईल तेवढ्याच वेगाने.